सीईटीतून एमबीएला प्रवेश: कागदांपासून पहिल्या सत्रापर्यंत

जुलै लागला की माझं टेबल वर्गातून हलतं आणि कॉलेजच्या तळमजल्यावरच्या सुविधा केंद्रात जातं. एमबीएच्या प्रवेशाचे अर्ज तिथे तपासले जातात. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी दुपारी मोहोळ तालुक्यातली एक मुलगी आईला घेऊन आली. सीईटीत ९४ पर्सेंटाइल. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, सगळं क्रमाने लावलेलं. फक्त नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राच्या, म्हणजे कुटुंब उन्नत उत्पन्न गटात मोडत नाही या दाखल्याच्या, तळाशी मुदत होती त्याच वर्षाच्या ३१ मार्चची. प्रवेशाला लागतं ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. आई म्हणाली, “सर, थोरलीच्या वेळी हेच चाललं होतं की.” थोरलीच्या वेळी त्याची मुदत शिल्लक होती, म्हणून चाललं. दोघी तशाच सेतू केंद्रात गेल्या, नव्या अर्जाची पावती घेऊन पाचच्या आत परतल्या आणि अर्ज तिच्या प्रवर्गात टिकला. पुढे प्रमाणपत्र मुदतीत आलं. त्या दिवशी पावती मिळाली नसती तर तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला असता आणि फीची सवलतही गेली असती.

सीईटीचा अभ्यास कसा करावा यावर पुष्कळ लिहिलं जातं. पण अभ्यास कमी पडून जागा गेलेल्यांपेक्षा कागद आणि पसंतीक्रम यांच्यामुळे जागा गेलेली मुलं मला दर जुलैत जास्त भेटतात. म्हणून घरात पहिल्यांदाच कुणीतरी एमबीए करतंय, अशांसाठी हे सगळं पायरीपायरीने लिहितो आहे.

आधी दरवाजा ओळखा

व्यवस्थापनाचं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण महाराष्ट्रात वेगवेगळ्या नावांनी मिळतं. पुणे, शिवाजी, सोलापूर अशा बहुतेक विद्यापीठांत त्याला एमबीए म्हणतात, मुंबई विद्यापीठात एमएमएस. दोन्हींचा दर्जा सारखा, प्रवेश परीक्षाही एकच: राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, म्हणजे सीईटी सेलची, एमबीए-एमएमएस सीईटी. पीजीडीएम ही पदविका असते. ती विद्यापीठ देत नाही, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेली स्वायत्त संस्था स्वतः देते. चांगल्या संस्थेची पीजीडीएम नोकरीच्या बाजारात एमबीएइतकीच चालते. मात्र पुढे पीएचडी करायची असेल तर तिला समकक्षता आहे का, ते आधी विचारून घ्या.

सिम्बायोसिससाठी स्नॅप द्यावी लागते, एनएमआयएमएससाठी एनमॅट. नागपूरचं आयआयएम, पूर्वी निटी म्हणून ओळखलं जाणारं आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई झालेलं पवईचं संकुल, आयआयटी मुंबईतलं शैलेश जे. मेहता व्यवस्थापन विद्यालय, हे सगळे कॅटचे, म्हणजे आयआयएमच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, दरवाजे. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस होते, सीईटी उन्हाळ्यात. त्यामुळे एकाच अभ्यासावर दोन्ही देता येतात आणि मी तेच सुचवतो.

सीईटीच्या दरवाजाआड काय काय आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था मुंबई विद्यापीठाची. ती १९६५ साली स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाच्या सहकार्याने उभी राहिली. तिथली बहुतेक भरती याच सीईटीतून होते. शेजारचं सिडनहॅमचं व्यवस्थापन महाविद्यालय सरकारी, पुणे विद्यापीठाचा पुंबा हा विद्यापीठाचा स्वतःचा विभाग. माटुंग्याच्या वेलिंगकरपासून कोल्हापूर, सांगली, नाशिक, संभाजीनगर, अमरावतीच्या संस्थांपर्यंत शेकडो कॉलेजं याच एका गुणवत्ता यादीवर भरतात.

नोकरी सोडता येत नसेल तर मुंबई विद्यापीठाचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत: विपणनाचा एमएमएम, वित्ताचा एमएफएम, मनुष्यबळाचा एमएचआरडीएम. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा आणि इग्नूचा दूरस्थ एमबीएही आहे. बढतीसाठी पदवी हवी असेल तर हे पुरतं. कॅम्पस मुलाखतींतून पहिली नोकरी मिळवायची असेल तर पूर्णवेळच करा.

पात्रता: दोन ओळींत मावते, पण त्यातही अडखळतात

कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी आणि तीत ५० टक्के. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ टक्के. बीए झालं, बीएस्सी कृषी झालं, इंजिनिअरिंग झालं, सगळे पात्र. वयाची अट नाही, अनुभवाची नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी सीईटी देता येते, पण प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा. तुमच्या विद्यापीठाचे निकाल उशिरा लागत असतील तर जूनपासूनच परीक्षा विभागाशी संपर्कात राहा. मार्कशीट नुसत्या सीजीपीएत असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचा विद्यापीठाचा दाखला आत्ताच मागून ठेवा. काही विद्यापीठं सूत्र मार्कशीटच्या मागेच छापतात, तिथे वेगळा दाखला लागत नाही.

दुसरी गोष्ट उमेदवारीच्या प्रकाराची. अर्जात टाइप ए, बी, सी, डी, ई असं विचारतात आणि मुलं अंदाजाने काहीही निवडतात. महाराष्ट्रात शिकलात आणि इथले अधिवासी असाल तर टाइप ए. शिक्षण बाहेर झालं, पण तुम्ही किंवा आईवडील महाराष्ट्राचे अधिवासी असाल तर बी. सी आणि डी अनुक्रमे केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. टाइप ई वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांनी हे जरूर वाचावं. आपलं गाव ८६५ गावांच्या यादीत आहे हे ठाऊक असूनही या तरतुदीबद्दल ऐकलेलंच नाही, असे विद्यार्थी मला भेटले आहेत. गोव्यातली मुलं महाराष्ट्रात अखिल भारतीय उमेदवार म्हणून येतात. त्यांना इथलं आरक्षण लागू होत नाही, आणि त्या जागा मोजक्या असतात.

कागद: दिवाळीनंतर लगेच

परीक्षेच्या तयारीइतकंच हे काम मोठं आहे आणि ते तुमच्या हातात कमी, तहसील कचेरीच्या हातात जास्त आहे. मे-जूनमध्ये दहावी-बारावीची सगळी गर्दी सेतूवर असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेच काम निवांत होतं.

सगळ्यांना लागतं ते असं: दहावीची गुणपत्रिका (तुमचं नाव सगळीकडे याच गुणपत्रिकेप्रमाणे हवं), बारावीची किंवा डिप्लोमाची, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. शेवटचं एकच प्रमाणपत्र अधिवास आणि राष्ट्रीयत्व दोन्हींचं काम करतं. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून ते काढता येतं.

मागास प्रवर्गातून अर्ज करायचा तर जातीचं प्रमाणपत्र आणि जिल्हा समितीची जात वैधता. बारावीला विज्ञान शाखेला असताना वैधता काढलेली असते. कला-वाणिज्यच्या मुलांनी मात्र बहुधा काढलेली नसते, कारण तोवर कुणी मागितलेलीच नसते. समितीकडे वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने दाखले लागतात, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधावा लागतो, त्यात महिने जातात. तुम्ही आत्ता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर आजच सुरुवात करा. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना वर सांगितलेलं नॉन-क्रिमीलेअर लागतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं आणि राज्याने ठरवलेल्या नमुन्यात हवं. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेलं इथे चालत नाही. हे एवढं एक वाक्य वाचून कुणाचा एक हेलपाटा वाचला तरी मला समाधान आहे.

परीक्षा

२०० प्रश्न, १५० मिनिटं, २०० गुण. संगणकावर, इंग्रजीतून. तार्किक क्षमतेचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. प्रत्येकाला पाच पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. विभागांना वेगळी वेळ नाही, कुठलाही प्रश्न कधीही सोडवा.

हिशोब केला तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. म्हणजे ही परीक्षा अवघड गणित सोडवण्याची नाही, कुठलं गणित सोडून द्यायचं हे पटकन ओळखण्याची आहे. आणि गुण वजा होत नाहीत, तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका. शेवटच्या तीन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना काहीतरी पर्याय लावा. २० प्रश्नांवर नुसता अंदाज केला तरी पाचात एक या न्यायाने चारेक गुण पदरात पडतात, आणि वरच्या पट्ट्यात चार गुणांवर शेकडो क्रमांक मागेपुढे होतात.

७५ प्रश्नांचा तार्किक भाग हाच पाया. बैठक व्यवस्था, नातेसंबंध, विधान आणि निष्कर्ष, इनपुट-आउटपुट. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि त्यांची पुस्तकंही इथे चालतात. आकृत्यांचे २५ प्रश्न रोज दहा मिनिटं दिली तर दोन महिन्यांत हातात येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना धास्ती असते इंग्रजीची. माझा अनुभव असा, की शब्दांच्या याद्या पाठ करून फारसं हाती लागत नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं अर्थविषयक एक पान मोठ्याने वाचा आणि खाली चार ओळींत सारांश लिहा, तोही इंग्रजीत. सहा महिन्यांत उताऱ्याचे प्रश्न सुटू लागतात. शिवाय तेच पान पुढे मुलाखतीला आणि पहिल्या सत्रालाही उपयोगी पडतं.

परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून कच्चे गुण सरळ धरत नाहीत, सत्रांमधला फरक काढून पर्सेंटाइल देतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १८० नव्हे. परीक्षा दिलेल्या दर शंभरातले साधारण ९० जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निकालाच्या दिवशी घरी हे नीट समजावून सांगा. “एवढेच मार्क?” या एका प्रश्नाने घरात रडारड झालेली मी ऐकली आहे, आणि त्या मुलाला प्रत्यक्षात उत्तम पर्सेंटाइल होतं.

अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात. तारखा, फी आणि किती संधी मिळणार हे दरवर्षी अधिसूचनेत येतं. सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका.

कॅप: इथे सगळ्यात सावध राहा

सीईटीचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत. परीक्षा दिली, गुण आले, आता कॉलेजच बोलावेल, असं समजून घरी बसलेला एक तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतो. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी करावी लागते. ती केली नाही तर ९९ पर्सेंटाइललाही यादीत नाव येत नाही.

क्रम असा: नोंदणी करून कागद अपलोड करायचे. मग पडताळणी, ती ई-पद्धतीने घरबसल्या करून घ्या किंवा सुविधा केंद्रात समक्ष. मग तात्पुरती गुणवत्ता यादी. ती आली की आपलं नाव शोधून थांबू नका. प्रवर्ग, टक्केवारी, उमेदवारीचा प्रकार, लिंग, जन्मतारीख सगळं एकेक करून ताडा. चूक दुरुस्त करायला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादी लागल्यावर आमच्या हातातही काही उरत नाही.

यानंतर येतो पसंतीक्रम, ज्याला सगळे ऑप्शन फॉर्म म्हणतात.

समजा तुमचा गुणवत्ता क्रमांक ४,००० आहे. संगणक तुमच्यापुढच्या सगळ्यांना जागा देऊन मग तुमच्याकडे येतो. तुमच्या यादीतली पहिली पसंती पाहतो, जागा उरली असेल तर देतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. खालची पसंती मिळण्याची शक्यता वरच्या पसंतीमुळे कमी होत नाही. म्हणून “तिथे मिळणारच नाही, उगाच पहिला पर्याय वाया जाईल” हा हिशोब चुकीचा आहे. यादी मनाच्या ओढीप्रमाणेच लावा. वरती दोन-चार स्वप्नातली कॉलेजं, मध्ये गेल्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे आवाक्यातली, खाली हमखास मिळणारी. पण जिथे जायचंच नाही असं एकही कॉलेज यादीत घालू नका.

हे शेवटचं मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण पहिली पसंती मिळाली की ती आपोआप फ्रीज होते, म्हणजे पक्की होते, आणि पुढच्या फेरीत तुम्ही राहत नाही. अलीकडच्या नियमांत पुढच्या फेऱ्यांमध्ये पहिल्या काही पसंतींनाही हेच लागू केलं आहे. कॉलेज घराजवळ आहे म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलं, ते मिळालं, आणि मग रडू आलं, असं होतं. बाकी पसंतीत जागा मिळाली तर तुमच्यापुढे दोन वाटा असतात: फ्रीज करा, म्हणजे तीच घ्या, किंवा नॉट फ्रीज, म्हणजे ही जागा राखून पुढच्या फेरीत वरची मिळते का पाहा. वरची मिळाली तर आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही. दोन्ही वाटांसाठी जागा स्वीकृती शुल्क मुदतीत भरावं लागतं. ते न भरता “विचार करतो” म्हणून बसलात तर जागा गेली.

कटऑफच्या तक्त्यात जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलएससी असे संक्षेप दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांच्या जागा, पुढे प्रवर्ग. ३० टक्के जागा महिलांसाठी असतात, त्यामुळे एलच्या रकान्यातलं कटऑफ बरेचदा थोडं खाली असतं. मुलींनी दोन्ही रकाने पाहावेत. पहिल्या फेरीचं कटऑफ पाहून निराश होऊ नका, शेवटच्या फेरीचंही उघडा. मधल्या कॉलेजांत दोन्हींत बरंच अंतर असतं.

कॉलेज निवडताना मुलं विचारतात, पॅकेज किती. सर्वाधिक पॅकेज हा एका विद्यार्थ्याचा आकडा असतो. तुम्ही विचारा की साठातल्या तिसाव्या विद्यार्थ्याला किती मिळालं, आणि कोणत्या कामासाठी. विक्रीची नोकरी वाईट नाही, पण एचआर शिकायला आलेल्या मुलीला वर्गातल्या ४० जणांना विमा विक्रीची पत्रं मिळाल्याचं आधी कळायला हवं. शक्य असेल तर एक दिवस जाऊन या. कार्यालयात बसू नका, कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांपाशी बसा. ती खरं सांगतात. एआयसीटीईची चालू वर्षाची मान्यता मात्र कार्यालयातच विचारा.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर जाहीर केलेल्या मुदतीत करा. तेव्हा १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्या तारखेनंतर मात्र जागा अडवल्याबद्दल मोठी रक्कम जाते.

फी आणि सवलती

खासगी संस्थांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर संस्थेनुसार पाहता येते. कॉलेजने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून घ्या. विद्यापीठाचे विभाग आणि सरकारी संस्था बऱ्याच स्वस्त पडतात.

सवलतींसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. ज्या घरांत “मुलीसाठी एवढा खर्च?” असा प्रश्न पडतो तिथे हा शासन निर्णय छापून न्या.

या सगळ्यांना एक अट समान आहे: प्रवेश कॅपमधून हवा. संस्था स्तरावरच्या, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या जागेवर घेतलेल्या प्रवेशाला सवलत नाही. जूनमध्येच “सीट संपत आल्यात, आत्ताच घ्या” असा फोन आला तर आधी हे आठवा.

दोन वर्षांत शिकायचं काय

प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम थोडा वेगळा आणि तो काही वर्षांनी बदलतो, पण सांगाडा सारखाच. पुणे विद्यापीठाचा २०१९ चा आराखडा उदाहरण म्हणून घेऊ. पहिल्या सत्रात व्यवस्थापकीय लेखांकन, संघटनात्मक वर्तन, अर्थशास्त्र, संशोधन पद्धती, विपणनाची मूलतत्त्वं आणि डिजिटल व्यवसाय. दुसऱ्यात विपणन, वित्त, मनुष्यबळ आणि उत्पादन व पुरवठा साखळी, हे चार खांब. उन्हाळ्यात इंटर्नशिप. तिसऱ्यात व्यूहात्मक व्यवस्थापन, निर्णयशास्त्र आणि निवडलेलं स्पेशलायझेशन, चौथ्यात त्याच स्पेशलायझेशनचा पुढचा भाग, कामगिरी व्यवस्थापन आणि व्यावसायिक नीतिमत्ता. निम्मे गुण वर्षभराच्या अंतर्गत कामाचे असतात. परीक्षेआधी पंधरा दिवस अभ्यास करून पदवी मिळवलेल्यांना पहिला धक्का इथेच बसतो.

दुसरा धक्का लेखांकनाचा. बीए आणि बीएस्सीची मुलं नाव ऐकूनच घाबरतात. माझा पहिला तास मी वडापावच्या गाडीवर घेतो. समजा गाडीचं भाडं, गॅसचं कनेक्शन आणि मदतनीसाचा पगार मिळून महिन्याला ९,००० रुपये. गाडी बंद राहिली तरी हे द्यावेच लागतात, हा स्थिर खर्च. वडापाव विकतो २० रुपयांना, त्यात बटाटा, बेसन, तेल, पाव, चटणी मिळून १४ रुपये, हा चल खर्च. एका वडापावमागे हातात राहिले ६ रुपये. आता ९,००० ला ६ ने भागा. १,५०० वडापाव विकले की ना नफा ना तोटा, म्हणजे रोजचे ५०. एक्कावन्नाव्यापासून गाडीवाल्याचे. मग मी विचारतो, तेल महाग होऊन खर्च १५ झाला तर? मुलं वहीत भागाकार करतात, उत्तर येतं रोजचे ६०, आणि वर्ग एकदम गप्प होतो. एक रुपयाने रोजचे दहा वडापाव वाढले. समविच्छेद बिंदू तो हाच, आणि कारखान्याचा हिशोबही असाच चालतो. प्रवेशानंतर वर्ग सुरू होईपर्यंत जे तीन-चार आठवडे मिळतात त्यात अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक आणा, मराठीतलंच, आणि जर्नल ते ताळेबंद एवढं करून या. सोबत एक्सेल. पिव्होट टेबल येत असेल तर पहिल्या सत्रात तुमच्याभोवती मुलं गोळा होतील.

स्पेशलायझेशन घाईने ठरवू नका. “एचआर सोपं, मुलींना बरं” हे मी पालकांच्या तोंडून अजूनही ऐकतो. एचआरमध्ये कामगार कायदे असतात, वेतनाचे हिशोब असतात, कारखान्याच्या गेटवर उभं राहून बोलणी करावी लागतात. ते सोपं नाही, आणि त्याला बाईपुरुष काही नाही. दुसऱ्या सत्रात चारही विषय शिकून झाल्यावर कोणत्या विषयाची गृहपाठाची फाइल तुम्ही स्वतःहून उघडत होता, ते आठवा.

इंटर्नशिप साधारण आठ आठवड्यांची. त्यावर अहवाल लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची. तिची शोधाशोध जानेवारीतच सुरू करा, मेमध्ये उशीर होतो. आणि ती पुण्या-मुंबईच्या चकचकीत कचेरीतच हवी असं काही नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजारात, इचलकरंजीच्या यंत्रमागांत, चाकणच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आठ आठवडे डोळे उघडे ठेवून फिरलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. पैसे देऊन प्रमाणपत्र आणणारे दोन प्रश्नांत सापडतात. एका विद्यार्थ्याने गावच्या दूध संकलन केंद्रावर उन्हाळा काढला होता. सकाळी पाच ते आठ कोणत्या शेतकऱ्याचं दूध किती आलं, फॅट किती लागलं, कॅन किती वेळ उन्हात उभे राहिले, हे त्याने रोज वहीत टिपलं आणि उभ्या राहणाऱ्या कॅनमुळे किती दूध नासतं याचा तक्ता केला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी ती वही मागून घेतली आणि वीस मिनिटं फक्त तिच्यावरच प्रश्न विचारले.

प्रवेश पक्का करायला जाल तेव्हा मूळ कागदांबरोबर झेरॉक्सचे तीन संच, पासपोर्ट आकाराचे आठ फोटो आणि जागा वाटपाचं पत्र न्या. मूळ कागद कॉलेजात देण्याआधी सगळे नीट स्कॅन करून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. ते देताना पोचपावतीवर प्रत्येक कागदाचं नाव लिहिलं आहे ना ते वाचा, कारण महाडीबीटीचा अर्ज भरताना महिन्याभरात तेच कागद पुन्हा लागतात.